आत्ता काय करताय?

हॅलोदादा भाजी घ्यायला गेले तरी त्यांचा डावा हात कानाशी असायचा. हातात फोन नसायचा, नुसताच हात. चौदा वर्षं एका केबल चॅनेलवर रिसीव्हर कानाला लावून बसल्यावर त्या हाताला दुसरी जागा सुचत नसावी. उजव्या हाताने ते मेथीची जुडी उचलत आणि भाव विचारण्याआधी भाजीवालीच्या डोक्यावरून वीतभर वर, जिथे कॅमेरा असायला हवा होता तिथे, बघून किंचित हसत. भाजीवालीने एकदा मागे वळून पाहिलं होतं. मागे भिंत होती.

मी त्याच चॅनेलवर खालची पट्टी लिहायचे. पडद्याच्या तळाशी अक्षरं सरकत जातात, ती. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दशक्रियेची वेळ, गुरुवारी पाणी येणार नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये माझ्याइतकं वाचलं जाणारं लिखाण क्वचितच कुणाचं असेल, आणि ते माझं आहे हे कुणालाही ठाऊक नव्हतं. दादांचं उलट होतं. त्यांना शहर ओळखायचं. पण ते नक्की काय करतात, हे कुणाला सांगता आलं नसतं. फोन यायचा, ते घोळदार आवाजात "हॅलो" म्हणायचे, नाव-गाव विचारायचे, मागितलेलं सिनेमाचं गाणं लावायचे. उकाड्यातही अंगात काळं चामडी जाकीट. स्टुडिओतला एसी बंद पडला की जाकिटाच्या आत त्यांचं भरीत व्हायचं, पण चेहऱ्यावरचं हसू जागचं हलायचं नाही. मला ऐटीची एकूणच ॲलर्जी आहे. तरी एवढा घाम गाळून केलेल्या ऐटीला थोडे गुण द्यावे लागतात.

त्यांची स्वतःची अशी एकच गोष्ट त्या कार्यक्रमात होती. नाव-गाव झालं की ते विचारायचे, "आणि आत्ता काय करताय?"

मालकांना हे पसंत नव्हतं. "अरे, गाणं लाव ना. पोळ्या लाटतेय म्हणून सांगणार ती. त्यात काय ऐकायचंय?"

दादा विचारतच राहिले. शिवाय कारखान्यात असतो तसा लांबडा हजेरीपट त्यांनी आणला आणि त्यात प्रत्येक फोनची नोंद करायला लागले. नाव, गाव, काय करताय. कोणतं गाणं मागितलं याचा रकानाच नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, सगळे तीच दहा गाणी मागतात. त्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

त्या हजेरीपटात लोक काय काय करत होते. सेकंड शिफ्टला निघालोय. बाळाला झोपवतेय. मेव्हण्याची वाट बघतोय. गॅस संपलाय, बसलेय. एकदा आकुर्डीचा एक जण "अभ्यास करतोय" म्हणाला आणि मागे कॅरमची सोंगटी भोकात पडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. मी काचेपलीकडे हसले. कार्यक्रम संपल्यावर दादा जरा रागावूनच म्हणाले, "हसू नका. लोक खोटं सांगत नाहीत. आपण काय करत असायला हवं होतं, ते सांगतात." आणि रकान्यात त्यांनी 'अभ्यास करतोय' असंच लिहिलं.

पुढे लोकांच्या हातात मोबाइल आला आणि गाण्यासाठी कुणाची विनवणी करायची गरज उरली नाही. फोन आटले. एका संध्याकाळी अर्धा तास एकही फोन आला नाही. दादा कॅमेऱ्याकडे बघून बोलत राहिले. हवेबद्दल, ट्रॅफिकबद्दल, पुन्हा हवेबद्दल. मला ते बघवेना. मी शेजारच्या खोलीतून फोन लावला आणि आवाज जाड करून म्हणाले, "हॅलो, पुनावळ्यातून बोलतेय."

त्यांनी मला पहिल्याच शब्दाला ओळखलं. डोळ्यांत दिसलं. पण विचारायचं ते विचारलंच, "आणि आत्ता काय करताय?"

माझ्या तोंडून खरं निघून गेलं. "पट्टी लिहितेय."

कार्यक्रम संपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. "आता आपण दोघंच उरलो, बाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. वय त्रेचाळीस. मालकांनी विचारलं, पुढे काय? दादा म्हणाले, "रॉक."

"काय?"

"रॉक बँड काढतोय. माझी गाणी. मराठीत."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मी पट्टीवर चालवून टाकलं होतं.

खरं सांगायचं तर दादांचा आवाज बोलायला फार चांगला आणि गायला जेमतेम. गिटार ते कॉलेजात शिकले होते आणि कॉलेजातच विसरले होते. पण ठरवल्यावर ते घाण्याला जुंपल्यासारखे लागले. पहाटे उठून बोटांना फोड येईस्तोवर सराव, आवाजासाठी दुचाकीवर हेल्मेट घालून गाणं. हेल्मेटमध्ये आपला आवाज आपल्यालाच नीट ऐकू येतो, अशी त्यांची समजूत होती. भोसरीच्या सिग्नलला लोक बघायचे; दादा काच खाली ओढून पुढचं कडवं घ्यायचे.

गाण्यांचे शब्द आले हजेरीपटांतून. एकही ओळ त्यांनी मनाने रचली नाही; लोक जे करत होते तेच. आणि एक नियम केला: प्रेमाचं गाणं नाही. "चौदा वर्षांत एकानेही 'प्रेम करतोय' असं सांगितलं नाही. मग गाण्यात कशाला?" त्यांची बायको शाळेत शिक्षिका. सगळी गाणी तिने शांतपणे ऐकली आणि विचारलं, "यात मी कुठे आहे?" दादा म्हणाले, "तू कधी फोन केला नाहीस." त्यावर ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फोन करून म्हणाली, "हॅलो, तुमचं जाकीट धुवायला टाकतेय." त्या ओळीचं पुढे गाणं झालं. वाईट नाही.

साथीला दोघं मिळाले. ड्रमवर मास्तर, देहूरोडचे, लष्करी कारखान्यात नोकरी आणि लग्नसराईत बँडमध्ये. बेस वाजवायला चिखलीचा एक गॅरेजवाला, ज्याचं सगळं बोलणं इंजिनाशी झालेलं असल्यामुळे माणसांसाठी काही उरत नसे. जागा महाळुंग्यात मिळाली. तिथले अण्णा जुने शेतकरी. जमीन कंपन्यांत गेली, उरली त्यावर त्यांनी शेड बांधली आणि एका शेडमध्ये स्वतःच वॉशर पाडायचा कारखाना टाकला. दादा जागा विचारायला गेले तेव्हा मी हजेरीपट सांभाळायला बरोबर होते.

अण्णांनी दादांना आधी आवाजावरून ओळखलं, मग चेहऱ्यावरून. "आमची आई तुमाला फोन करायची. दर बेस्तरवारी."

दादांनी गावाचं नाव पुन्हा विचारलं, डोळे मिटले. "शेंगा सोलतेय."

"व्हय," अण्णा म्हणाले. "शेवटी शेवटी घरात कुणाशी बोलत न्हवती. तुमच्याशी बोलायची. वाजवा हितं. कोपरा मोकळाच हाय. फकस्त मशिनीला हात न्हाई लावायचा."

तर तालमी त्या कोपऱ्यात सुरू झाल्या, संध्याकाळी सहा ते आठ. अडचण एकच, ती म्हणजे सोपान. सोपान लातूरकडचा, पॉवर प्रेसवर ओव्हरटाइम करायचा. पत्र्याचा तुकडा हाताने ठेवायचा, पायाने पॅडल दाबायचं, वरून ठोका पडायचा, खाली वॉशर. ठेव, दाब, ठक्. पुन्हा ठेव, दाब, ठक्. भिंती हादरायच्या.

"सोपान, तासभर थांबशील का?" दादा विचारायचे.

"थांबलो असतो की, दादा. पण टारगेट हाय. तुमी हळू वाजवा, मला तरास न्हाई."

मास्तर पहिले काही दिवस प्रेसवर चिडून तिच्यावर मात करायला बघायचे. मग तिच्या दोन ठोक्यांच्या मधे वाजवायला लागले. मग कधीतरी चिडणं बंद झालं. दीड वर्षात त्यांची गाणी बसली, खरंच बसली. मलासुद्धा पाय हलवावासा वाटायचा. सोपान रजेवर असला की मात्र तालीम काही रंगायची नाही. दादा म्हणायचे, आज मूड नाही. कलावंतांना मूड असतो हे मी पुस्तकांत वाचलेलं होतं, म्हणून मीही खोलात गेले नाही.

दादांना हवं होतं ते फार थोडं होतं. एक गाणं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मधे कुणी फर्माईश न करता. बस. "एकदा ऐकून घेतलं तर पुढचं पुढे," म्हणायचे. एवढंच मिळत नव्हतं.

पहिला कार्यक्रम पुनावळ्याच्या एका सोसायटीत, गणपतीत. दादा गिटार घेऊन उभे राहिले, दोन ओळी झाल्या, आणि पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "हॅलोदादा, ते विचारा ना, काय करताय ते." हशा. मग फर्माइशी सुरू झाल्या. सोसायटीचे चेअरमन मंचावर येऊन कानात काही बोलले. पाच मिनिटांनी मास्तर ड्रम आवरत होते आणि दादा सोडतीच्या चिठ्ठ्या उचलून मिक्सरचा मानकरी जाहीर करत होते. काय सुंदर जाहीर केला. गाताना चाचपडणारा आवाज मिक्सरवर येताच मखमली झाला.

त्याचा व्हिडिओ आमच्या मालकांपर्यंत गेला. त्यांनी दादांना बोलावून घेतलं. मी शेजारच्या टेबलाशी होते.

"हे बघ, हे तुझं आहे," मालक मोबाइल पुढे धरून म्हणाले. "घरोघरी जाऊन बायकांचे खेळ घ्यायचे, बक्षिसं द्यायची. जाहिरातदार तुझाच चेहरा मागतोय. दसऱ्याला सुरू करतोय. त्या दिवशी सकाळी फोन करीन. हो म्हण, नाहीतर दुसरा माणूस उभा आहे."

दादा बाहेर आले. जाकिटाची चेन खालीवर करत राहिले. "बाई, दसऱ्यापर्यंत एक गाणं," म्हणाले. "नाही झालं तर मिक्सर वाटतो."

"मिक्सर वाटणं वाईट नाही," मी म्हणाले.

"नाहीच. म्हणून तर भीती वाटते."

त्यानंतर त्यांनी मुदत लागल्यासारखा सराव केला. हेल्मेट बदललं, जुन्यात आवाज घुमतो म्हणाले. आणि अण्णांकडे जाऊन खंडेनवमी मागून घेतली. खंडेनवमीला या पट्ट्यातली यंत्रं थांबतात. धुऊन-पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूची माळ घालून त्यांची पूजा होते. कामगार घरच्यांना घेऊन येतात आणि एरवी ज्या मशीनबद्दल बायको नुसतं ऐकते ती तिला दाखवतात. अण्णांकडे दरवर्षी पूजेनंतर ऑर्केस्ट्रा असायचा.

"या वर्षी तुमी," अण्णा म्हणाले. "पर लोकं गाणी मागत्यात, दादा. मी कुणाचं तोंड धरू न्हाई शकत."

खंडेनवमीच्या सकाळी शेड ओळखू येत नव्हती. जमीन धुतलेली, तेलाच्या वासावर उदबत्तीचा वास. प्रेसला दोन माळा आणि कपाळाला लावतात तसं फ्लायव्हीलच्या मोठ्या चाकाला कुंकू. सोपान पांढऱ्या शर्टात, भांग पाडून, तिसऱ्या रांगेत बायकोशेजारी बसला होता. हात मांडीवर ठेवले होते आणि त्यांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. आरती झाली, नारळ फुटला, पेढा वाटून झाला. दादांनी जाकीट घातलं आणि कोपऱ्यात, म्हणजे नेहमीच्याच जागी, उभे राहिले.

पहिलंच गाणं अण्णांच्या आईचं घेतलं.

*शेंगा सोलतेय, शेंगा सोलतेय,*
*पसाभर झाल्या, पोतं राहिलंय.*

दुसऱ्या ओळीला काहीतरी बिनसलं. मास्तर पळायला लागले. लग्नातली वरात मंडपाजवळ आल्यावर पळते तसे. दादा त्यांना गाठायला गेले तर मास्तर दचकून मागे राहिले. बेसवाला एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडून बघतात तसा. तिसऱ्या ओळीला तिघं तीन गावांना निघाले होते. आणि मागून आवाज आला, "दादा, राहू द्या ना राव. एखादं पिक्चरचं होऊ द्या."

"ते विचारा, काय करताय," दुसरा.

लोक हसले. वाईट हसले नाहीत, आपलेपणाने हसले, आणि ते जास्त वाईट होतं. मी खाली बघत बसले. मला मिक्सर दिसत होता.

दादांनी हात वर करून गाणं थांबवलं. मास्तरांचं कपाळ घामाने डबडबलं होतं. ते माइकजवळ वाकून हळू म्हणाले, पण माइकने ते सगळ्यांना सांगितलं, "मशीन बंद आहे ना. मला ठोका सापडत नाहीये."

दीड वर्ष ज्या प्रेसला शिव्या घातल्या तिच्यावर सगळी गाणी उभी होती आणि ती आज दोन माळा घालून देवासारखी गप्प होती. अण्णा पहिल्या रांगेतून म्हणाले, "आज न्हाई हात लावायचा, दादा. तुमालाबी ठावं हाय." त्यांच्या आवाजात वाईट वाटणं होतं, पण वाकणं नव्हतं.

दादा प्रेसकडे बघत राहिले. मग मी पाहिलं, त्यांची नजर प्रेसवरून खाली आली, पॅडलवर थांबली, आणि तिथून रांगांमध्ये शोधत गेली. डावा हात कानाशी गेला.

"हॅलो, सोपान."

सोपान उभाच राहिला.

"आत्ता काय करतोयस?"

लोक पुन्हा हसले. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. सोपान मात्र हसला नाही. प्रश्नाचा नीट विचार करून म्हणाला, "काय न्हाई, दादा. बसलोय."

"मग ये इकडे."

सोपानने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "जावा की. बोलवायलेत." तो आला. दादांनी माल रचायचं लाकडी पॅलेट ओढून प्रेससमोर, पण प्रेसपासून हातभर लांब ठेवलं. "मशीन नाही. पत्रा नाही. तू रोज करतोस ते नुसतं पायाने कर."

"बिनमशीनचं?"

"मशीन कुठे काही करते? पाय तुझाच असतो."

सोपानने चपला काढल्या. पूजेचा दिवस होता. पॅलेटसमोर उभा राहिला, उजव्या हाताने हवेतला एक तुकडा ठेवला, आणि पॅलेटवर पाय दाबला. ठक्. मग दुसरा तुकडा. ठक्. चार-पाच तुकडे झाल्यावर हात मांडीवर ठेवताना जी अडचण होती ती गेली. मास्तरांनी डोळे मिटले, काठ्या उचलल्या. त्या शेडमध्ये बसलेल्या प्रत्येकाने तो ठोका वर्षानुवर्षं ऐकला होता, जेवताना, भांडताना, घरी फोन करताना. आता सगळे तो माणसाच्या पायातून येताना बघत होते. मागे एकाने मांडीवर हात मारला. मग रांगच्या रांग.

दादांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

ते चांगलं गायले, असं मी म्हणणार नाही. वरच्या पट्टीला आवाज दोनदा फाटला आणि एकदा ते माझ्याकडे, म्हणजे हजेरीपटाकडे, बघून ओळ आठवत होते. पण गाणं चालत राहिलं. शेंगा सोलणारी म्हातारी, सेकंड शिफ्टला निघालेला, गॅस संपलाय म्हणून बसलेली. लोक एकेक ओळ ओळखीचं माणूस बघावं तशी ऐकत होते. कुणी मधे बोललं नाही. अण्णा खुर्चीत पुढे वाकून जमिनीकडे बघत होते. गाणं संपलं तेव्हा सोपानला कळलं नाही. त्याने आणखी दोन वॉशर पाडले.

टाळ्या ओसरल्या आणि अगदी मागून एका बाईचा आवाज आला. "दादा, माझी फर्माईश हाय."

मी हजेरीपट मिटला. दादांनीही जाकिटाची चेन वर ओढली.

"ते शेंगांचं, परत."

दादांनी चेन सोडली. मग डावा हात कानाशी नेला आणि घोळदार आवाजात विचारलं, "कुठून बोलताय?"

"हितूनच. पाण्याच्या टाकीपासून."

त्या दिवशी ते गाणं तीनदा झालं. सिनेमाचंही एक झालं, कारण अण्णांच्या सुनेने मागितलं. ते मास्तरांनी वरातीतल्या वेगाने वाजवलं आणि त्यावर जास्त लोक नाचले. हे नोंदवणं भाग आहे.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही देहूरोडला मास्तरांच्या घराजवळ मिसळ खायला बसलो होतो. सोपानही होता. आता त्याला बँडमध्ये घ्यायचं, म्हणजे कार्यक्रमाला पॅलेट न्यायचं, आणि ते टेम्पोत उभं राहतं की आडवं, यावर मास्तरांचं आणि त्याचं चाललं होतं. दादांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला. मालकांचा आवाज असा आहे की स्पीकरची गरज पडत नाही.

"हॅलो. कुठे आहेस? काय करतोयस?"

चौदा वर्षं दादांनी शहराला हे विचारलं होतं. त्यांना कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. फोन करणारे लोक एकदम अवघडून जायचे, तसे ते अवघडले. समोरच्या रश्श्याकडे पाहिलं. सोपानकडे पाहिलं.

"गातोय," ते म्हणाले.

मालक म्हणाले, "मला मिसळीच्या दुकानाचा आवाज येतोय. पावाची ऑर्डर ऐकली मी."

"येत असेल," दादा म्हणाले. फोन बंद करून खिशात टाकला, आणि दोन्ही हातांनी पाव मोडला.